पाणसोटाचा डोळा

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास कार्यानुभवाचा होता. वेळापत्रकातच होता म्हणायचा. त्या तासाला मुलं पटांगणातले खडे वेचायची आणि मुली क्रेप कागदाची फुलं करायच्या. ती फुलं वर्षभर पत्र्याच्या पेटीत पडून राहायची आणि कुणी साहेब तपासणीला आले की टेबलावर मांडली जायची. मी फुलं फार सुबक करत असे. मी सगळंच सुबक करत असे. वर्गात पहिला नंबर माझा, प्रार्थनेला पुढे उभी राहणारी मी, आणि कविता न अडखळता म्हणून दाखवणारीही मीच. या सगळ्याचा मला इतका कंटाळा आला होता की घरी येऊन दप्तर कोनाड्यात टाकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडे बघावंसं वाटायचं नाही. पण पहिल्या नंबराच्या मुलीला शाळेचा कंटाळा येतो हे सांगायचं तरी कुणाला? मी ते कुणालाच सांगितलं नाही.

घर आमचं मळ्यातच होतं, कुंभार पिंपळगावच्या वाटेला. सकाळी जाग यायची ती विहिरीवरच्या इंजिनाच्या पुकपुकीनं आणि पाठोपाठ माय भाकरी थापायची त्या आवाजानं. दोन्ही आवाज एका ठेक्यात चालायचे, आणि एखाद्या दिवशी इंजिन रुसलं तर मायच्या भाकरीचा ठेकाही चुकतोय असं वाटायचं. थंडीत तव्यावर धपाटे, सोबत तिळाची चटणी. पाहुणे आले तर येसराची आमटी. घराच्या तिन्ही अंगांना मोसंबीची बाग होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती खडकाळ रानात उभी केलेली. फुलोरा आला की घरातल्या पांघरुणांनासुद्धा त्याचा वास लागायचा. विहिरीजवळ एक जुनं झाड होतं. त्याला दरसाल लगडून फळं यायची, आणि त्या झाडाला अण्णांशिवाय कुणी कात्री लावत नसे. अण्णा बोलायचे कमी. जे बोलायचे ते बहुधा झाडांबद्दल असायचं. माणसांबद्दल बोलायची वेळ आली की ते माणसांच्या कामावरून बोलायचे, इंजिनवाला, गाडीवाला, तोडणीच्या बाया. नावं त्यांना पाठ नव्हती असं नाही, पण ती घ्यायची गरज त्यांना कधी पडली नाही. मलाही पडली नव्हती, हे मी आज कबूल करते.

मी आठवीत असताना ढवळे सर विज्ञान शिकवायला आले. जालन्याचे होते, किडकिडीत, सायकलवर फिरणारे. कार्यानुभवाचा तास त्यांच्याकडे आला आणि पहिल्याच शनिवारी त्यांनी फुलांची पेटी बंद करून कपाटावर ठेवली. मग प्रत्येकाला उभं करून एकच प्रश्न विचारला. तू शिकतोस ते गावातल्या कुणाच्या उपयोगी पडतं? कुणी म्हणालं, मी आजोबांची पत्रं वाचतो. कुणी म्हणालं, मी खताच्या पुड्यावरचं वाचून दाखवते. माझी पाळी आली तेव्हा मला काहीच सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी वर्गात उत्तर न देता खाली बसले. सर रागावले नाहीत, फक्त मान हलवून पुढच्याकडे गेले. ती मान हलवणं मला छडीपेक्षा लागलं.

पुढच्या शनिवारी सरांनी काशिनाथबाबांना वर्गात आणलं. काशिनाथबाबा म्हणजे आसपासच्या बागांमध्ये कलमं बांधणारे म्हातारे गृहस्थ. शाळेची पायरी ते त्या दिवशी पहिल्यांदा चढले. चपला बाहेर काढून, टोपी हातात धरून दाराशीच थांबले. सरांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण आमच्यात खाली बसले. ठरलं असं की शाळेच्या मागच्या पडीक तुकड्यात जंबेरीची, म्हणजे जंगली लिंबाची, रोपं लावायची, त्यांच्यावर आम्ही मुलांनी मोसंबीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, भरायचे आणि तयार झालेली झाडं गावातल्या अशा घरांना द्यायची ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही. न्हाणीच्या पाण्यावर एक झाड सहज जगतं. सव्वीस घरं निघाली. माझ्या वाट्याला खालच्या आळीतलं एक घर आलं. ती बाई आमच्याच बागेत तोडणीला येते असं कळलं, पण वहीत नाव लिहायची वेळ आली तेव्हा मला ते येईना. वर्षानुवर्षं आमच्या दारात पाणी प्यायलेली बाई, आणि मला मायला विचारावं लागलं. माय म्हणाली, गयाबाई.

बाबांनी शिकवलेलं मी अजून विसरलेले नाही. खोडावर एक उभा आणि एक आडवा छेद घ्यायचा, सुरीच्या पाठीनं साल अलगद उचलायची, काडीवरचा डोळा पानाच्या देठासकट काढायचा आणि सालीखाली सरकवून पट्टीनं बांधायचा. पान कापून टाकायचं, देठ तेवढं ठेवायचं. तीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावून बघायचं. वाळून चिकटून बसलं असेल तर डोळा मेला. बोट लागताच गळून पडलं तर जगला. ज्या दिवशी मी पहिल्यांदा साल न फाडता डोळा बसवला, त्या दिवशी घरी येताना मी पळत आले. कशासाठी पळतेय ते कळत नव्हतं. मायनं विचारलं, काय मिळालं गं? काहीच मिळालं नव्हतं. पण तो कंटाळा त्या दिवसापासून गेला, आणि पुस्तकातलं सालीचं, मुळांचं प्रकरण मी स्वतःहून काढून वाचलं.

डोळे काढायच्या काड्या कुठून आणायच्या हा प्रश्न निघाला तेव्हा मी हात वर केला. म्हटलं, आमच्या बागेतून आणते, विहिरीजवळच्या झाडाच्या. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला आणि मला ते फार आवडलं. बाबांनी काडीची खूण सांगून ठेवली होती. काडी गोल हवी, सालीवर पांढरट रेघा हव्यात, आणि फळाला आलेल्या फांदीवरची हवी. झाडाच्या मधोमध जे सरळसोट, हिरवेगार, काटेरी फुटवे येतात ते पाणसोट. त्यांचा डोळा घ्यायचा नाही. त्याचं झाड जोरात वाढतं, दिसायला देखणं होतं, पण फळासाठी वर्षानुवर्षं वाट बघायला लावतं. एवढं सांगून बाबा राजूरकडच्या बागांचं काम निघालं म्हणून महिनाभरासाठी तिकडे गेले.

मी अण्णांकडे काड्या मागितल्या. झाडाला नुकतीच फळं धरली होती. अण्णा खुरपं पुसत होते, त्यांनी वर बघितलंही नाही. म्हणाले, "त्या लोकांच्या न्हाणीपाशी लावायचं ना? मंग त्याला ईहिरीवरच्या झाडाची काडी कशाला? आतले सोट वाढलेत, ते ने. तसंबी तोडून फेकायचेच हायेत."

मला माहीत होतं. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी तेवढंच राहतं. मला खूण पाठ होती, पहिल्या नंबराची मुलगी मी. पण वर्गासमोर रिकाम्या हातानं जायचं धाडस माझ्यात नव्हतं आणि अण्णांना पुन्हा विचारायचंही नव्हतं. मी पाणसोट कापले, काटे मोडून टाकले, पानं छाटली, ओल्या गोणपाटात बांधून शाळेत नेले आणि सांगितलं, विहिरीजवळच्या झाडाचे आहेत. सरांना विज्ञान येत होतं, पण काडीची पारख नव्हती. सव्वीस रोपांवर तेच डोळे भरले गेले, आणि तीन आठवड्यांनी देठं गळून पडली तेव्हा सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

रोपं बघता बघता वाढली. हिरवी, रुंद पानांची, एकमेकांशी चढाओढ लावल्यासारखी. येणारा-जाणारा थांबून बघायचा. बाबा परत आले, वाफ्यात उकिडवे बसले आणि एका खोडावरून नुसता अंगठा फिरवला. मग मला जवळ बोलावलं.

"डोळा कुठला गं हा?"

"आमच्या बागेतला, बाबा."

"बाग पाह्यली हाय म्या. झाड कोणतं ते इचारलं."

"ईहिरीवरचं," मी म्हणाले.

बाबांनी अंगठा धोतराला पुसला. म्हणाले, "ज्येच्या दारात जाईल त्यो पाच-सात वरीस पाणी घालून राह्यल. तेवढं ध्यानात ठेव." आणि उठून गेले. त्यांनी तेव्हाच सरांना का सांगितलं नाही, याचा मी पुढे फार विचार केला. मला वाटतं ते माझी वाट बघत होते.

श्रावणात झाडं वाटली. मी गयामावशीच्या दारात खड्डा घेतला. एक खोली, पुढे सारवलेलं अंगण, कोपऱ्यात न्हाणीचा दगड. रोप लावून झालं तेव्हा मावशीनं त्याच्याभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि दृष्ट लागू नये म्हणून शेंड्याला काळ्या कापडाची चिंधी बांधली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला म्हणाली, "पंधरा वरीस झाले, मोसंबी तोडून राह्यले. हजारो झाडं हातातून गेली. एक बी माझं न्हवतं." मी खुरपं उचलून निघाले.

महिनाभरानं शाळेतून येताना ती मला हापशावरून येताना भेटली. डोक्यावर हंडा होता. मी सहज म्हटलं, दुसरी खेप वाटतं. तर म्हणाली, ही झाडाची. न्हाणीत साबणाचं पाणी जातं, ते लेकराला बरं नाही, म्हणून त्याच्यासाठी रोज वेगळा हंडा आणते. झाड आता तिच्या कमरेला लागलं होतं. मला ते दाखवायला घेऊन गेली, पानावरची धूळ पदरानं पुसली आणि विचारलं, "तू शिकलेली हायेस. बराबर सांग, कधी फळ धरील?"

मी म्हणाले, चार वर्षांनी. घरी आले. त्या दिवशी मायनं शेंगुळे केले होते, मला ते जीव की प्राण, पण मी ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधीच मी ढवळे सरांना सगळं सांगितलं. रडून रडून सांगितलं. सर सायकलचं कुलूप हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं होतं शिक्षा करतील, किंवा बाकीच्यांना कळू देणार नाहीत, दोन्हींपैकी एक. ते म्हणाले, "मला सांगून तुझं मन हलकं होईल, शकुंतला. झाडं तीच राहतील. बाबांना विचार काय करता येतं ते. आणि मग ज्यांच्या दारात लावलीत त्यांना सांग."

बाबा म्हणाले, थंडी पडली की जुन्या जोडाच्या खाली, जंबेरीच्या खोडावर, पुन्हा चांगला डोळा भरता येईल. तो जगला की वरचं सगळं झाड छाटून टाकायचं. वर्षाची वाढ जाईल, मूळ वाचेल.

मी सव्वीस दारं फिरले. बाबा बरोबर असायचे, पण दाराशी आले की दोन पावलं मागे थांबायचे. बोलायचं मला असायचं. काडी पाणसोटाची होती, मी आणली, मला ठाऊक होतं. कुणी हसून सोडून दिलं. एक आजी म्हणाल्या, सांगितलं नसतंस तर आम्हाला काय कळलं असतं. एका घरात दारातूनच परत पाठवलं. सर्वांत शेवटी गयामावशीकडे गेले, कारण तिथे जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग झाडाकडे बघतच विचारलं, "तुह्या अण्णाला ठावं व्हतं?"

मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मी म्हणाले, "व्हतं."

तो एक शब्द माझ्या आधी मळ्यात पोचला. अण्णा ओरडले नाहीत. जेवणं झाल्यावर हात धुता धुता म्हणाले, "माह्या नावानं दारोदार फिरून आलीस. बास झाली शाळा." दुसऱ्या दिवशी माझं दप्तर कोनाड्यातच राहिलं. ज्या शाळेचा मला वर्षापूर्वी कंटाळा होता, तिची घंटा वाऱ्यावर मळ्यापर्यंत ऐकू यायची आणि ती ऐकली की मी गोठ्यात जाऊन बसायची. दिवाळी अशीच गेली. सर एकदा येऊन गेले. अण्णांनी त्यांना चहा पाजला, बागेत हिंडवून झाडं दाखवली, आणि माझा विषय काढू दिला नाही. त्या दिवसांत गयामावशी तोडणीला आमच्याकडे आली नाही. दुसऱ्यांच्या बागेत जाते असं कानावर आलं. बाबांकडे तिचा निरोप मात्र आला होता की झाडावर कात्री चालवायची तर चालवा, पण डोळा भरायला तीच पोरगी पाहिजे.

आज माझी चाळीस वर्षांची नोकरी संपून गेली आहे. मीही शिक्षिका झाले, कार्यानुभवाचा तास कधी रिकामा जाऊ दिला नाही. नात पुण्याहून फोनवर विचारते, आजी, तुला कधी ठरवावं लागलं का, आयुष्यात काय करायचं ते? मी तिला म्हणते, ठरवलं नाही गं, एक चूक निस्तरत गेले. ती हसते. तिला वाटतं मी थट्टा करते.

त्या वर्षीची थंडी पडली. डोळे भरायचा शनिवार आला. चांगल्या काड्यांची सोय अजून झाली नव्हती. सर दुसरीकडून आणणार होते म्हणे. सकाळी मी गोठ्यात शेण काढायला गेले तर दावणीशेजारी ओल्या गोणपाटाची मोळी होती. सोडून बघितली. काड्या गोल, सालीवर पांढरट रेघा, एका मापात कापलेल्या, पानं छाटून देठं राखलेली. आमच्या घरात अशी काडी कापणारा एकच हात होता. मोळीवर माझा शाळेत न्यायचा भाकरीचा फडका ठेवला होता. मागे माय उभी होती. मी विचारलं, कुणी कापल्या? ती म्हणाली, "वली हाय तवर ने. जल्दी जा." विहिरीकडे बघितलं तर इंजिन चालू होतं आणि अण्णा आमच्याकडे पाठ करून पाट वळवत होते.

दुपारी सर, बाबा आणि आम्ही मुलं घरोघर डोळे भरत फिरलो. गयामावशीच्या झाडाला मी शेवटचा डोळा भरला. ती शेजारी बसून प्रत्येक गोष्ट बघत होती, पट्टी कशी ओढते, देठ कुठे राहतं.

तीन आठवडे गेले. मी शाळेत जात होते. जा असं कुणी म्हटलं नव्हतं, जाऊ नको असंही कुणी म्हटलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी, सर आणि बाबा घरोघर फिरलो. काही ठिकाणी देठ वाळून बसलं होतं, तिथे पुन्हा भरायचं ठरलं. मावशीच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा तिनं काट्यांचं कुंपण आधीच काढून ठेवलं होतं. मी देठाला हात लावायला वाकले, तर तिनं मला हातानं अडवलं. स्वतः बसली. फळं तोडून तोडून राठ झालेलं बोट तिनं त्या देठाला लावलं, इतकं हळू की लावलं की नाही तेही कळलं नाही. देठ गळून खाली पडलं. आतला डोळा हिरवा होता.

बाबांनी कात्री माझ्यापुढे धरली. मावशी म्हणाली, "हिकडं द्या. म्या पाणी घातलंय." श्रावणापासून हंड्यानं वाढवलेलं ते कमरेएवढं हिरवंगार झाड तिनं आपल्या हातानं छाटलं. शेंड्याची काळी चिंधी सोडवली, खाली उरलेल्या वीतभर खोडाला बांधली आणि हंडा घेऊन हापशाकडे गेली.

संध्याकाळी अण्णा जेवायला बसले होते. माझ्याशी ते त्या दिवसापासून बोललेले नव्हते. मी ताटात भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि वळणार तेवढ्यात त्यांनी ताटाकडे बघतच विचारलं.

"गयाबाईचं जगलं का?"

"जगलं, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवायला सुरुवात केली.